दुसरी ट्यूब सोडण्याआधी: कासेतली बुरशी ओळखणे आणि निस्तरणे

दगडी (कासेचा दाह) झाली, सडात प्रतिजैविकाची ट्यूब सोडली, एक-दोन दिवस बरे वाटले, मग ताप परत चढला आणि कास आधीपेक्षा घट्ट झाली. औषध बदलले, तरी तेच. अशा वेळी बहुतेक जण आणखी जहाल औषधाच्या शोधात निघतात. थांबायचे ते नेमके इथेच. कासेत जिवाणूंऐवजी बुरशी असेल तर प्रतिजैविकाची प्रत्येक नवी ट्यूब तिच्या पथ्यावरच पडते.

आधीच सांगून ठेवतो, बहुतेक दगडी जिवाणूंमुळेच होते. बुरशीचा वाटा त्यात थोडा असतो, त्यामुळे प्रत्येक सुजलेल्या कासेत बुरशी शोधत बसायचे कारण नाही. ती कधी शोधायची हे मात्र कळायला हवे. औषध कोणते आणि किती, हे पशुवैद्यक ठरवतील. त्यांच्यापुढे नीट माहिती आणि स्वच्छ नमुना ठेवणे हे काम तुमचे, आणि घोळ होतो तो बहुधा इथेच.

हाताशी काय हवे

- थर्मामीटर
- सीएमटीचे (दुधातल्या वाढलेल्या पेशी गोठ्यातच दाखवणाऱ्या ‘कॅलिफोर्निया मॅस्टायटिस टेस्ट’चे) द्रावण आणि चार खणांची थाळी
- पहिल्या धारा पाहण्यासाठी काळ्या तळाचे भांडे
- निर्जंतुक, घट्ट झाकणाच्या नमुना-नळ्या
- ७० टक्के अल्कोहोल, कापूस, एकदाच वापरायचे कागदी रुमाल, हातमोजे
- सड बुडवायचे आयोडीनचे द्रावण
- बर्फाचा डबा
- नोंदवही: कोणत्या जनावराला, कोणत्या सडात, कोणते औषध, कोणत्या तारखेला, कोणी सोडले

शेवटची ओळ क्षुल्लक वाटेल, पण पशुवैद्यक पहिला प्रश्न तोच विचारतील. आठवणीतून दिलेले उत्तर हमखास चुकते. शक्य असेल तर वापरलेल्या ट्यूबची रिकामी वेष्टनेही जपून ठेवा.

१. संशय कधी घ्यायचा

बुरशीची दगडी फक्त बाहेरून पाहून ओळखता येत नाही. गुठळ्या, पाणचट किंवा करडट दूध, गरम आणि दुखरी कास, आटत चाललेले दूध, हे सगळे जिवाणूंच्या दगडीतही दिसते. म्हणून लक्षणांपेक्षा आधी काय काय घडले याकडे बघा. पुढच्यांपैकी दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर बुरशी मनात आणा:

- प्रतिजैविक देऊनही दोन-तीन दिवसांत फरक नाही, किंवा बरे वाटून पुन्हा उलटले.
- ताप ४० ते ४१ अंश सेल्सिअसपर्यंत चढतो, उतरतो, परत चढतो. जनावर मात्र बऱ्यापैकी खात असते.
- एकाच बाटलीतून, एकाच सिरिंजने किंवा पुन्हा पुन्हा वापरलेल्या नळीने औषध सोडलेल्या अनेक जनावरांना पाठोपाठ त्रास सुरू झाला.
- जनावर नुकतेच आटवले आहे (पुढच्या वेताआधी धार बंद केली आहे) आणि आटवताना सडात औषध सोडले होते.
- पहिल्या तपासणीत जिवाणूंची वाढ आढळली नाही, तरी सूज कायम आहे.

यातला तिसरा मुद्दा सर्वांत बोलका. एका जनावराचा आजार योगायोगाने होऊ शकतो. उपचारानंतर चार जनावरे एकदम बिघडली तर आधी उपचाराची साधने तपासायला घ्या.

२. बुरशी आत पोचते कशी

यीस्ट (एकपेशी बुरशी) आणि इतर बुरशी गोठ्यात सगळीकडे असतात: मातीत, ओल्या भुश्यात, चाऱ्यात, शेणात, सडाच्या कातडीवर, आपल्या हातांवर. निरोगी सडाच्या टोकाशी असलेली अरुंद वाट आणि तिच्या आतले केराटिनचे अस्तर त्यांना बाहेरच अडवते. ही राखण मोडण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे आपण स्वतः सडात घातलेली नळी. सडाचे टोक नीट पुसलेले नसेल तर त्यावरची घाण औषधासोबत थेट आत ढकलली जाते. आत गेल्यावर प्रतिजैविक तिथले जिवाणू मारते, बुरशीला मात्र काही करत नाही. तिला मोकळे रान मिळते.

३. प्रकार तीन-चारच लक्षात ठेवा

नावे लांबलचक आहेत, पण अहवालात तीच येतात आणि पुढचा निर्णय त्यांवरच ठरतो.

कँडिडा हे यीस्ट सर्वाधिक आढळते. त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट ही, की प्रतिजैविक थांबवून कास वारंवार रिकामी केली तर पुष्कळ जनावरे आठवडाभर ते महिनाभरात आपोआप सावरतात.

क्रिप्टोकॉकस हा वेगळाच मामला. कास खूप सुजते, कासेवरच्या लसिका गाठी वाढतात, दूध चिकट आणि शेंबडासारखे होते आणि पुढे जवळपास बंद पडते. हे यीस्ट कबुतरांच्या विष्ठेत वाढते आणि माणसालाही त्याचा संसर्ग होऊ शकतो.

अॅस्परजिलस ही तंतूंची बुरशी. बुरसटलेल्या चाऱ्यात आणि भुश्यात तिचे बीजाणू खच्चून भरलेले असतात. ती कासेत गळवे आणि घट्ट गाठी करते. बाधित सड बहुधा कायमचा जातो.

चौथे नाव प्रोटोथेका. ही बुरशी नाही, हरितद्रव्य नसलेले शैवाल आहे. पण वाढ-माध्यमावर ती यीस्टसारखी दिसते आणि प्रतिजैविकांना दाद देत नाही, म्हणून दोघांची गल्लत होते. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या पेशीच्या पोटात तुतीच्या फळासारखा पिल्ले-पेशींचा पुंजका दिसतो. यीस्ट कोंब फुटून वाढते. हा फरक प्रयोगशाळेकडून स्पष्ट करून घ्याच, कारण प्रोटोथेकावर भरवशाचा उपचार नाही आणि बाधित जनावर दीर्घकाळ दुधावाटे ती बाहेर टाकत राहते.

आणखी दोन गल्लती. कासेच्या कातडीवर गोल, खपलीचे चट्टे असतील तर तो गजकर्ण. तो कातडीचा आजार आहे, कासेच्या आतला नव्हे. आणि बुरसट चाऱ्यातून येणारे अफ्लाटॉक्सिन हे विष आहे, संसर्ग नाही. ते पोटातून रक्तात आणि तिथून दुधात उतरते. त्यासाठी कास बिघडलेली असावी लागत नाही. चारा बदलल्याने विष थांबेल, आत वाढलेली बुरशी जाणार नाही.

४. प्रतिजैविक रोखून धरा आणि पशुवैद्यकांना बोलवा

संशय आला की त्या सडात पुढची ट्यूब सोडू नका. एखादे तेल, काढा, जंतुनाशकाचे पाणी किंवा माणसांच्या कातडीला लावायचे बुरशीनाशक मलम तर मुळीच नाही. सडातून आत सोडलेली प्रत्येक गैर वस्तू आतल्या नाजूक अस्तराला भाजते आणि सोबत नवे जंतू नेते. असे उपाय सुचवणारे भरपूर भेटतील.

स्टेरॉइडच्या इंजेक्शनाने सूज झटपट उतरलेली दिसते, पण बुरशीशी लढणारी प्रतिकारशक्तीही दबते. म्हणून पशुवैद्यक इंजेक्शन काढत असतील तर बुरशीचा संशय असल्याचे आधी बोलून दाखवा. त्यांच्या कानावर घातले नाही तर ते जिवाणू गृहीत धरूनच चालतील, आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही.

जनावर खाली बसले असेल, उठत नसेल, कान थंड पडले असतील तर ही थांबण्याची गोष्ट लागू नाही. विषारी जिवाणूंची दगडी तासांत जीव घेऊ शकते. तेव्हा ताबडतोब पशुवैद्यक.

५. नमुना घेणे

या सगळ्यात सर्वाधिक वेळ द्यायचा तो इथे. यीस्ट सगळीकडे असल्यामुळे निष्काळजीपणे घेतलेल्या नमुन्यातही ते उगवते, आणि मग कासेत नसलेल्या आजाराच्या मागे तुम्ही लागता.

हात धुवा, हातमोजे घाला. आधी सीएमटी करून कोणता सड बिघडला आहे ते पक्के करा. सडावर सुकलेली घाण कोरडीच पुसून काढा. कासेवर पाणी ओतू नका. ओघळणारे पाणी सगळी घाण सडाच्या टोकाशी आणून ठेवते. पहिल्या तीन-चार धारा भांड्यात काढून टाका. मग सड जंतुनाशकात बुडवा, अर्धा मिनिट थांबा, प्रत्येक सडाला वेगळा कागदी रुमाल घेऊन कोरडा करा.

आता अल्कोहोलचा कापूस. सडाच्या टोकावर, जिथून धार येते तिथेच, कापूस पांढरा निघेपर्यंत घासा. मळकट निघाला तर नवा बोळा. चारही सडांचे नमुने घ्यायचे असतील तर पुसताना तुमच्यापासून लांबचे सड आधी, जवळचे नंतर. नमुना घेताना उलट, जवळचे आधी आणि लांबचे शेवटी. असे केले तर पुसलेल्या सडाला हात किंवा बाही लागत नाही.

नळी तिरपी धरा, म्हणजे वरून केस किंवा धूळ आत पडत नाही. झाकण करंगळीत धरा, जमिनीवर ठेवू नका. नळीची कड सडाला टेकवू नका. तीन ते पाच मिलिलिटर दूध पुरते. काठोकाठ भरू नका. झाकण लगेच लावा आणि तिथल्या तिथे जनावराचा क्रमांक, सड, तारीख, वेळ लिहा. सडांसाठी डापु, डामा, उपु, उमा अशी खूण सोयीची: डावा पुढचा, डावा मागचा, उजवा पुढचा, उजवा मागचा. शेळी-मेंढीला दोनच सड, तिथे डा आणि उ पुरे.

नमुना बर्फावर ठेवा आणि शक्यतो २४ तासांच्या आत पोचवा. उन्हात तापलेल्या नळीत कोणाचीही वाढ होते.

प्रतिजैविक आधीच दिलेले असले तरी नमुना घ्या. औषधामुळे जिवाणू कदाचित उगवणार नाहीत, पण बुरशी उगवेल, कारण तिच्यावर त्या औषधाचा परिणाम नाही.

६. प्रयोगशाळेला काय सांगायचे

फक्त ‘दगडीची तपासणी’ असे लिहून नमुना दिला तर तपासणी जिवाणूंचीच होईल. नेहमीच्या पद्धतीत थाळी एक-दोन दिवस पाहून ‘वाढ नाही’ असा अहवाल निघतो. तंतूंच्या बुरशीला त्याहून बरेच दिवस लागू शकतात. म्हणून अर्जावर ठळक लिहा: प्रतिजैविकांना प्रतिसाद नाही, बुरशी, यीस्ट आणि प्रोटोथेका यांची तपासणी हवी. सोबत दिलेल्या औषधांची यादी जोडा.

साधारणतः दुधाचा थर काचपट्टीवर रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. यीस्टच्या पेशी जिवाणूंपेक्षा कितीतरी मोठ्या असतात आणि त्यांना फुटलेले कोंब दिसतात. तेवढ्यानेच पुष्कळदा त्याच दिवशी दिशा कळते. मग सॅबुरो आगारावर (बुरशी वाढवायच्या माध्यमावर), जिवाणू रोखणारे औषध मिसळून, वाढ घेतात. क्रिप्टोकॉकसचा संशय असेल तर काळ्या शाईत पेशीभोवतीचे जाड कवच दिसते.

रक्त मिसळलेल्या नेहमीच्या आगारावर यीस्टचे ठिपके स्टॅफिलोकोकसच्या ठिपक्यांसारखे भासू शकतात. अहवालात ‘स्टॅफिलोकोकस’ आला, औषध त्यावर लागू पडणारे दिले आणि तरी काही फरक नाही, तर तो ठिपका सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता का, हे विचारायला संकोच करू नका.

७. अहवाल वाचताना

यीस्ट आढळले म्हणजे आजार यीस्टचाच, असे लगेच धरू नका. तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत: त्या सडाच्या दुधात कायिक पेशी (कास सुजली की दुधात उतरणाऱ्या जनावराच्याच पेशी) वाढलेल्या आहेत, थाळीवर भरपूर आणि जवळपास एकाच प्रकारची वाढ आहे, आणि काही दिवसांच्या अंतराने पुन्हा घेतलेल्या नमुन्यातही तेच आले. एखाद-दुसरा ठिपका आणि सोबत पाच प्रकारचे जंतू, असा अहवाल बहुधा गलिच्छ नमुन्याचा असतो. पुन्हा नमुना घ्या.

८. जनावराची सुश्रूषा

यीस्टच्या दगडीत सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे कास रिकामी ठेवणे. दिवसातून दोन धारांवर थांबू नका; बाधित सड दर तीन-चार तासांनी हाताने पूर्ण पिळून काढा. प्रत्येक वेळी दुधाबरोबर बुरशी बाहेर पडते. काम कंटाळवाणे आहे आणि जनावर दुखऱ्या कासेला हात लावू देत नाही. त्यासाठी पशुवैद्यकांकडून वेदना आणि सूज कमी करणारे, स्टेरॉइड नसलेले औषध घ्या. पान्हा सोडवणारे इंजेक्शन द्यायचे की नाही, हेही त्यांनीच ठरवायचे. भरपूर पाणी, कोरडी जागा, सावली.

बुरशीनाशकांबद्दल अपेक्षा बेताच्या ठेवा. निस्टॅटिन, क्लोट्रिमॅझोल, मायकोनॅझोल अशी औषधे कासेत वापरली गेली आहेत आणि त्यांचे निकाल संमिश्र आहेत. पुष्कळ जनावरे औषधाशिवायही बरी होत असल्याने गुण औषधाचा की वेळेचा, हे सांगणे अवघड जाते. शिवाय अशा वापरानंतर दूध किती दिवस वगळायचे याचा आकडा वेष्टनावर छापलेला नसतो. तो पशुवैद्यकांकडून लेखी घ्या.

क्रिप्टोकॉकस, अॅस्परजिलस किंवा प्रोटोथेका निघाले तर महिनोन्‌महिने झगडण्यात अर्थ नाही, असे माझे मत. सड कायमचा बंद करायचा की जनावर दुधाच्या कळपातून काढायचे, हे लवकर ठरवलेले बरे.

९. दुधाचे काय करायचे

बाधित सडाचे दूध एकत्रित दुधात मिसळू नका. वासराला किंवा करडाला पाजू नका. गोठ्यात जमिनीवर धार मारू नका. ते दूध भांड्यात काढून गोठ्यापासून लांब विल्हेवाट लावा. असे जनावर सर्वांत शेवटी पिळा आणि नंतर हात, भांडी, यंत्राचे कप धुवा. क्रिप्टोकॉकसचा संशय असेल तर हातमोज्यांशिवाय कासेला हात नको, आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसाला या कामापासून दूर ठेवा.

१०. उगम शोधणे

जनावर बरे झाले म्हणून उगम नाहीसा होत नाही. या क्रमाने पाहत जा:

- अनेकदा सुई टोचलेली औषधाची बाटली. ती टाकून द्या, कितीही उरलेली असो.
- पुन्हा पुन्हा वापरायची धातूची किंवा प्लास्टिकची नळी. नुसती गरम पाण्यातून काढणे म्हणजे निर्जंतुक करणे नव्हे.
- घरी पातळ करून सडात सोडलेली मिश्रणे.
- सगळ्या कासांना फिरणारा एकच फडका आणि एकच बादली.
- सड बुडवायच्या कपातले उरलेले द्रावण परत मोठ्या डब्यात ओतण्याची सवय.
- दूधयंत्रातल्या चिरा पडलेल्या रबरी नळ्या. चिरेत दूध साचते आणि धुतल्याने निघत नाही.
- ओला भुसा, बुरसटलेला पेंढा, वरचा थर काळा-पांढरा पडलेला मुरघास. चारा म्हणून बाद झालेला पेंढा अंथरूण म्हणून वापरू नका. बीजाणू तेच, आणि कास त्यावरच टेकते.
- गोठ्याच्या तुळयांवर बसणारी कबुतरे.

११. पुढच्या वेळी ट्यूब सोडायची ती अशी

ट्यूब कायमची बंद करायची नाही, जिवाणूंच्या दगडीत ती लागतेच. पद्धत मात्र कडक हवी.

आधी कास पूर्ण रिकामी करा. सड बुडवा, पुसा, टोक अल्कोहोलने घासा, नमुन्याच्या वेळेसारखेच. ट्यूबचे टोपण सगळ्यात शेवटी काढा, दातांनी नव्हे. टोक पूर्ण आत खुपसू नका; दोन-तीन मिलिमीटर पुरे. लांब टोक पूर्ण घातले की वाट ताणली जाते आणि आतले केराटिन घाणीसकट वर ढकलले जाते. एक ट्यूब, एक सड. अर्धी इकडे आणि अर्धी तिकडे असे करू नका. थंडीत ट्यूब मऊ व्हावी म्हणून गरम पाण्याच्या बादलीत टाकून ठेवतात, तेही सोडा, कारण टोपणाच्या कडेने पाणी आत शिरते. सोडून झाल्यावर सड पुन्हा आयोडीनमध्ये बुडवा आणि जनावराला अर्धा-एक तास उभे ठेवा. समोर ताजा चारा टाकला की ते आपणहून उभे राहते.

आटवताना ही काळजी दुप्पट. त्यानंतर कित्येक आठवडे धार निघत नाही, म्हणजे आत गेलेले काहीच बाहेर येत नाही. प्रतिजैविक नसलेले नुसते सील (सडाची वाट बुजवणारी लुगदी) सोडणार असाल तर स्वच्छतेत तसूभरही ढिलाई चालत नाही. चुकून आत गेलेल्या जंतूला अडवणारे तिथे काहीच नसते.

१२. बरे झाले हे कधी म्हणायचे

सूज उतरली, दूध पांढरे झाले, तरी लगेच कळपात मिसळू नका. ताप जाऊन काही दिवस उलटल्यावर सीएमटी करा आणि नमुना पुन्हा पाठवा. आठवड्याभराच्या अंतराने घेतलेले दोन नमुने स्वच्छ आले आणि औषधासाठी वगळायचे दिवसही संपले, मगच दूध एकत्र करा. महिनाभरानंतरही कासेत घट्ट गाठ हाताला लागत असेल तर पशुवैद्यकांकडून पुन्हा तपासून घ्या. तो सड पुढच्या वेतातही कमी दूध देण्याची शक्यता आहे. पुढच्या वेळी व्यायल्यावर त्या जनावराची सीएमटी करायला विसरू नका, पण चिकाचे दिवस जाऊ द्या. चिकात पेशी मुळातच जास्त असतात आणि चाचणी उगाच घट्ट येते; चौथ्या-पाचव्या दिवसानंतरचा निकाल धरा.